रसग्रहणात इतिहास कुठे लिहावा?

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना रसग्रहणाची पहिली चार वाक्यं तोंडपाठ असतात. कवीचं पूर्ण नाव, टोपणनाव, जन्मगाव, लोकांनी दिलेली उपाधी. मग परिच्छेद बदलतो आणि कविता सुरू होते. वरचा परिच्छेद खोडला तरी खालच्या एकाही वाक्याचं काही बिघडत नाही. मुलं इतिहास लिहितात, पण तो कवितेपर्यंत पोचत नाही, ही माझी तक्रार आहे. आणि ती मुलांविषयी नाही, शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांविषयी आहे.

केशवसुतांची ‘तुतारी’ घ्या. मार्च १८९३ मध्ये मुंबईत लिहिलेली कविता. कवी प्लेगने गेले हे वाचलेला विद्यार्थी कवितेतली तगमग प्लेगला जोडू पाहील. दुसरा म्हणेल, १८९३ हे तर सार्वजनिक गणेशोत्सवाचं वर्ष, तेव्हा ही तुतारी त्याच जागृतीची. पण मुंबईत प्लेग शिरला १८९६ मध्ये. केशवसुत गेले १९०५ मध्ये, हुबळीला. गणेशोत्सव भाद्रपदातला, म्हणजे कवितेनंतरचा. सन जुळला म्हणून संबंध जुळत नाही. आधी काय, नंतर काय, एवढं पाहायची सवय मुलांना लावली तरी निम्मा गोंधळ टळेल.

मग लागू पडणारा इतिहास कोणता? या कवितेत पोट सुटलेली माणसं येतात. जुनं ते सारं सुंदर आणि अलीकडचं सगळं खोटं, असं ती म्हणतात आणि कवी त्यांचा धिक्कार करतो. कोण ही माणसं? इथे रखमाबाईंचा खटला आठवावा लागतो. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या बाईने नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं १८८७ मध्ये कोर्टाने तिला बजावलं. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचं संमतिवय दहावरून बारावर गेलं. फक्त दोन वर्षांनी! तेवढ्यावरून महाराष्ट्र पेटला. शास्त्रवचनं काढून सभा गाजल्या. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या बाजूने लढत होते. केशवसुत पुण्याच्या ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले, तिच्या उभारणीत हे दोघेही होते.

हे कळलं की जुन्याचे गोडवे म्हणजे काय, हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. त्या गोडव्यांची किंमत कोणाला मोजावी लागत होती तेही दिसतं. कवीचा राग मग आक्रस्ताळा वाटत नाही. मात्र कवितेत कायद्याचं नाव कुठेही नाही. ‘ही कविता संमतिवयाच्या कायद्यावर आहे’ असं लिहिणं चूक. ‘त्या वादाने तापलेल्या काळात ती लिहिली गेली’ असं लिहिणं बरोबर. हा फरक पंधरा वर्षांच्या मुलाला नक्की कळतो. समजावून मात्र सांगायला हवा.

संदर्भ म्हणजे फक्त राजकारण किंवा कायदे, असंही नाही. याच कवितेत आभाळ भरून येतं, मोहर गळतो, पिकावर कीड दिसते. केशवसुत रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे. मोहराच्या दिवसांत मळभ धरलं की आंब्याच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, हे कोकणातल्या मुलाला पुस्तक न उघडता ठाऊक असतं. जन्मगावाचा उल्लेख करायचाच, तर या ओळींपाशी करावा. तिथे तो शोभतो.

आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या ठरलेल्या चौकटीतही हे सहज बसतं. पहिला परिच्छेद सरळ कवितेने सुरू करायचा आणि ज्या ओळींना इतिहासाची गरज आहे, त्यांच्याजवळ एखाद-दुसरं वाक्य लिहायचं. परीक्षकांनाही माझी विनंती आहे: एखाद्या उत्तरात उपाधी नसेल, जन्मगाव नसेल, पण त्या पोटसुट्या माणसांपाशी १८९१ चा वाद नेमका आला असेल, तर त्या मुलाचे गुण कापू नका.