दृष्टिपटलाची घडण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात माझ्या बाकावर एक मुलगा बसे. दिवसा तो फळ्यावरचे अक्षर बिनचूक वाचे. दिवेलागण झाली की मात्र चाचपडू लागे. आम्ही हसत असू. घरच्यांनी पालेभाज्या, गाजरे, सारे करून पाहिले. त्याचा आजार ताटातला नसावा, असे आज वाटते.

डोळ्याच्या मागच्या पडद्याला आपण दृष्टिपटल म्हणतो. त्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी, तर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जेमतेम ६० लाख. गर्भात या दोन्ही एकाच जातीच्या मूळ पेशींपासून घडतात आणि दोहोंत जनुकांचा संचही तोच असतो. मग फरक पडतो कोठे? कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, यात.

लोंढ्याच्या मुलांना हे सांगणे सोपे आहे. येथून एक लोहमार्ग कॅसलरॉकवरून गोव्यात उतरतो, एक बेळगावकडे, एक धारवाडकडे जातो. डबे तेच, सांधा कसा लागला आहे यावर गाडीचे गाव ठरते.

दृष्टिपटलातला असा एक सांधेवाला म्हणजे एन-आर-एल हे जनुक. डॉ. आनंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ साली प्रसिद्ध केले. त्यापासून बनणारे प्रथिन दुसऱ्या जनुकांच्या आरंभापाशी जाऊन बसते व त्यांना चालना देते. २००१ साली त्यांच्याच गटाने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या दृष्टिपटलात दंडपेशी एकही नव्हती. त्यांच्या जागी आखूड तरंगांच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशी होत्या! पेशी मेल्या नव्हत्या, दुसऱ्या मार्गाला लागल्या होत्या.

एन-आर-एलच्या हुकमाखालील एन-आर-टू-ई-थ्री या जनुकातील दोषाने माणसातही असेच घडते, हे २००० साली कळले. अशा मुलांना लहानपणापासून रातांधळेपणा असतो. दोष आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीत येथे महाग पडू शकते.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा वेळीच औषध दिल्यास बरा होतो. सांधाच चुकीचा लागला असेल, तर त्या गोळ्यांनी तो बदलत नाही. अंधारात दोन्ही मुले सारखीच ठेचकाळतात. नेत्रतज्ज्ञाने बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावाचून आणि दृष्टिपटलाची विद्युत-चाचणी केल्यावाचून त्यांच्यातला भेद उलगडत नाही. आमच्या बाकावरच्या त्या मुलाची अशी तपासणी कधीच झाली नाही.