रविवारची सायकल

शेतातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून बसलेल्या सगळ्या तायांना आणि मावश्यांना नमस्कार. आज बचत, कर्ज, हप्ता यांतलं काही बोलायचं नाही. आज आपण जपानला जायचंय, आणि तिथे सायकलवर फिरायचंय.

माझी एक मावसबहीण आहे. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताईच म्हणते. भावजींच्या नोकरीमुळे ती २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं टोकियोत राहिली. टोकियोचा एदोगावा म्हणून एक भाग आहे. तिथे निशी-कासाई या वस्तीत आपल्या देशातली पुष्कळ कुटुंबं राहतात. ताईने तिथे एक वही लिहिली. वही कसली, आपली हिशेबाचीच वही म्हणा ना. तारीख, कुठे गेले, किती किलोमीटर, खर्च किती, आणि शेवटी काय पाहिलं त्याच्या दोन ओळी. परत आल्यावर तिने ती मला वाचायला दिली. आज बोलते आहे ते बहुतेक त्या वहीतलंच आहे.

ताई लहानपणी सायकल चालवायची. बाबांची दांड्याची सायकल, दांड्याखालून पाय घालून अर्ध्या पायडलने. दहावी झाली आणि सायकल भावाकडे गेली. मग लग्न, मुलं. सतरा-अठरा वर्षं तिचा सायकलला हातही लागला नव्हता. जपानमध्ये गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की इथे बाईला सायकल यायलाच हवी. बाजार सायकलवर, मुलांना बालवाडीत सोडणं सायकलवर, दवाखाना सायकलवर.

या बायकांच्या सायकलीला तिथे ‘मामाचारी’ म्हणतात. मामा म्हणजे आपला मामा नव्हे हं! तिकडे मामा म्हणजे आई, आणि चारी म्हणजे सायकल. आईची सायकल. मधला दांडा खाली वाकवलेला, म्हणजे चढताना पाय उंच टाकावा लागत नाही. पुढे टोपली, चेनवर झाकण, दोन पायांचं भक्कम स्टँड, अंधारासाठी दिवा. मागे मुलाची खुर्ची, आणि दुसरं मूल असलं तर पुढेही एक. दोन मुलांना घेऊन जायला तिथल्या नियमांनी २००९ साली परवानगी दिली, पण सायकल त्या वजनासाठी तपासलेली हवी अशी अट घातली. चढावर दम लागू नये म्हणून बॅटरीची मदत असलेल्या सायकलीही पुष्कळ दिसतात. अशी सायकल जगात पहिल्यांदा बाजारात आली ती जपानमध्येच, १९९३ साली.

ऐकून वाटेल, वा, काय सुख आहे त्या बायकांना! पण ताईने वहीत एक गोष्ट लिहिली आहे, ती मला फार पटली. ती लिहिते, सायकलचं नावच आईची सायकल. म्हणजे भाजी आईने आणायची, पोरं आईने पोचवायची. ओझं तेच, फक्त डोक्यावरून चाकावर आलं. पहिले चार महिने तिच्या वहीत जेवढ्या फेऱ्या आहेत त्या सगळ्या कामाच्या. दूध, तांदूळ, शाळा, पोस्ट.

पाचव्या महिन्यात एका रविवारी मात्र वेगळी नोंद आहे. ‘कुठे गेले : नदीवर. काम : काही नाही.’

मैत्रिणींनो, ही नोंद वाचून मी थांबले. आपण आपल्या आठवड्याची अशी वही लिहिली तर ‘काम : काही नाही’ असं कुठे लिहिता येईल का? आपण घराबाहेर पडतो ते पाण्याला, रानात, दळणाला, बँकेत, दवाखान्यात. माहेरी गेलो तरी तिथे चूल सुटत नाही. देवाला गेलो तरी डबा आपणच बांधलेला असतो. उगाच, मनाला वाटलं म्हणून, एक तास मोकळं फिरून यायचं, याला आपल्याकडे बाईच्या बाबतीत नावसुद्धा नाही. पुरुष फिरला तर ‘जरा पाय मोकळे करून आला’ म्हणतात. बाई फिरली तर विचारतात, ‘कुठे गेली होतीस?’

ताई ज्या नदीवर गेली ती आराकावा. टोकियोतलं तिचं पात्र माणसांनी खणलेलं आहे. १९१० साली मोठा पूर आला, त्यानंतर ते खणायला घेतलं आणि १९३० साली पुरं झालं. दोन्ही बाजूंना उंच बांध, आणि बांधाच्या कडेने लांबच लांब सपाट रस्ता. या रस्त्यावर मोटारींची वर्दळ नाही. माणसं चालतात, पळतात, सायकली चालवतात. ताई त्या वाटेने नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत गेली. तिथे मोठी बाग आहे. बाकावर बसली, समुद्र पाहिला, आणि परत आली. तिला भीती होती की लोक बघतील. कोणी पाहिलंही नाही. सत्तरी ओलांडलेल्या आज्या तिच्या शेजारून सायकलवर पुढे निघून गेल्या.

आता कोणी म्हणेल, जपानची गोष्ट वेगळी, तिथे बायकांना पहिल्यापासूनच मोकळीक असेल. तसं नाही. साधारण १९०० सालच्या सुमाराला टोकियोत तामाकी मिउरा नावाची तरुण मुलगी गाणं शिकायला उएनो भागातल्या संगीत शाळेत सायकलवरून जायची. तेव्हा बाईने सायकल चालवणं इतकं नवलाचं होतं, की तिला बघायला लोक रस्त्यात थांबायचे. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. तिने सायकल सोडली नाही आणि गाणंही सोडलं नाही. पुढे ती युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीवर गाणारी नावाजलेली गायिका झाली. म्हणजे तिथेही एक दिवस पहिली बाई रस्त्यावर आली, लोकांनी टकामका पाहिलं, मग दुसरी आली, दहावी आली, आणि पुढे बघण्यासारखं काही उरलं नाही.

ताईच्या वहीतली सगळ्यात मोठी फेरी २०१९ च्या एप्रिलची आहे. शेजारची एक मराठी मैत्रीण आणि मुलांच्या शाळेतली एक जपानी आई, अशा तिघी निघाल्या. निघण्याआधीची चर्चा आपल्या घरच्यासारखीच. दोन दिवस डबे कोण करणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार? भावजी म्हणाले, मी करतो. वहीत लिहिलंय, ‘घरी दोन दिवस खिचडी. कोणी उपाशी राहिलं नाही.’

जपानच्या पश्चिमेला ओनोमिची नावाचं बंदराचं गाव आहे. तिथून समुद्रातली सहा बेटं ओलांडत इमाबारी या शहरापर्यंत एक वाट जाते. तिचं नाव शिमानामी काइदो. बेटांना जोडणाऱ्या मोठ्या पुलांचं काम १९९९ साली पुरं झालं. पूल बांधतानाच सायकलवाल्यांसाठी वेगळी पट्टी ठेवली. सगळी वाट साधारण सत्तर किलोमीटर. पट्टीचे सायकलवाले ती एका दिवसात संपवतात. या तिघींनी दोन दिवस घेतले.

पहिल्या बेटावर नावेतून जायचं, सायकलीसकट, पाच मिनिटांत. तिथून पुढे रस्त्याच्या कडेला निळी रेघ रंगवलेली आहे. भाषा येवो न येवो, नकाशा कळो न कळो, निळी रेघ धरायची. अजून किती किलोमीटर राहिले तेही मधून मधून जमिनीवर लिहिलेलं. पूल उंच आहेत, पण सायकलची चढण वळणावळणाने इतकी सावकाश नेली आहे, की ताईसारखीलाही उतरावं लागलं नाही. एका पुलावर मोटारी वरच्या मजल्यावरून आणि सायकली खालच्या मजल्यावरून जातात. तातारा नावाच्या पुलावर खांबाजवळ उभं राहून टाळी वाजवली की आवाज घुमत घुमत वर चढत जातो. तिघी बायका तिथे लहान पोरींसारख्या टाळ्या वाजवत राहिल्या.

रात्र लिंबांच्या बेटावर, एका घरगुती खानावळीत काढली. उतारांवर लिंबू-संत्र्याच्या बागा, मागे समुद्र. आणि वाटेत एक गोष्ट, जी आपल्या गटांनी ऐकण्यासारखी आहे. शेताच्या कडेला लहानशी मांडणी, त्यावर फळांच्या पिशव्या, बाजूला पैशांचा डबा. विकायला कोणी बसलेलं नाही. पिशवी घ्यायची, डब्यात शंभर येनचं नाणं टाकायचं आणि पुढे जायचं. काही घरं आणि दुकानं सायकलवाल्यांना बसायला जागा, प्यायला पाणी, हवा भरायला पंप आणि संडासची सोय देतात, बाहेर तशी पाटी लावतात. लोक थांबतात, चार वस्तू घेतात, गावाला दोन पैसे मिळतात.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पूल लागला, कुरुशिमा. एकाला एक जोडलेले तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटर. खाली समुद्राचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो. तिथे ताईने लिहिलंय, ‘मी इथे कोणाची आई, कोणाची बायको म्हणून आले नाही. पाय दुखतात. फार बरं वाटतं.’

आता मुद्द्याचं. ताई काही फार धीट नाही. तिला अंधाराची भीती वाटते, कुत्र्याची वाटते. मग तिने हे कसं केलं? तिच्यासाठी आधीच सोय करून ठेवलेली होती. मोटारीपासून वेगळा रस्ता होता, निळी रेघ होती, संडास होते, रात्री दिवा होता, आणि घरी खिचडी करणारा माणूस होता. आपल्याकडे बाईला म्हणतात, हिंमत कर. हिंमत तर आपण रोजच करतो. सोय मागायला मात्र विसरतो.

आपल्या गावात समुद्रावरचे पूल येणार नाहीत. पण काय आहे ते बघू या. कालव्याच्या कडेचा रस्ता आहे. शाळेचं मैदान रविवारी रिकामं असतं. आणि कितीतरी घरांत मुलींची सायकल आहे, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. मुलगी सोमवार ते शनिवार शाळेला नेते. रविवारी ती सायकल भिंतीला टेकून उभी असते. मुलीची आई मात्र तिच्यावर कधी बसलेली नसते.

शिकायचं कसं, तेही ताईच्या वहीत आहे. सीट इतकी खाली करायची की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. दोन-तीन दिवस पायडल मारायचंच नाही. पायांनी जमीन ढकलत, लहान मूल चाकाच्या घोड्यावर पळतं तसं पळायचं. किंचित उताराची जागा बरी. तोल सापडला की पाय आपोआप वर उचलले जातात, मग पायडल. नजर चाकाकडे नको, लांब समोर ठेवायची. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. पदर आणि ओढणी कमरेला घट्ट खोचायची, चेनवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल घ्यायची. डोक्याला हेल्मेट असेल तर उत्तमच. जपानमध्येही २०२३ च्या एप्रिलपासून सगळ्या वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा असा नियम आला आहे. गुडघ्याचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा, मग बसा.

आणि एकटीने जाऊ नका, गटाने जा. एकट्या बाईला लोक विचारतात, कुठे चाललीस. दहा जणींना विचारायला जरा विचार करावा लागतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की एक प्रश्न मांडा : रविवारी सकाळचा एक तास घरचा चहा कोण करेल? हा प्रश्न घरी जाऊनही विचारा. ग्रामसभेत जाल तेव्हा कालव्याच्या रस्त्यावरची झुडपं काढायला सांगा, दोन दिवे मागा, बायकांच्या संडासचं मागा. ते तुमचं लाड करून घेणं नव्हे. गावाचा रस्ता जसा गड्यांचा तसा आपलाही आहे.

आपल्या वह्यांत आजवर आपण जमा लिहिली, खर्च लिहिला. त्याच वहीच्या मागच्या पानावर एक नवीन रकाना आखा. तारीख, कुठे गेलो, किती वेळ. आणि महिन्यातून निदान एकदा तरी ‘काम : काही नाही’ असं लिहिता येतं का ते बघा. ज्या गटाच्या वहीत अशी पहिली नोंद होईल, त्या गटाने आमच्या रेडिओ केंद्राला जरूर कळवा. ती नोंद आपण इथूनच सगळ्यांना वाचून दाखवू.