टायर सांगून फुटतो



ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला. गाडी दरीत कोसळली आणि 38 वर्षांचा कर्ता माणूस जागीच गेला. घरच्यांनी भरपाई मागितली, तेव्हा विमा कंपनी म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी, त्यात चालकाचा काय दोष? वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 2023 मध्ये कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. बेफाम वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान, अशा कारणांनी टायर फुटतो. निघण्याआधी तो पाहणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने बजावलं. सुमारे सव्वा कोटीची भरपाई कायम राहिली.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या धानोऱ्यात हा निकाल मुद्दाम सांगावासा वाटतो. आपल्याकडेही टायर फुटला की 'वेळच वाईट होती' म्हणून विषय मिटतो. आणि आपले रस्ते कसे आहेत? सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारीचा घाट, सातपुड्यात चढायचं तर चांदसैली किंवा देवगोई. होळीला काठी गावाकडे निघालेल्या जीपमध्ये किती माणसं बसतात, हे मी सांगायला नको. वर नंदुरबारचं ऊन. एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो.

या उन्हामुळेच एक गैरसमज घट्ट बसला आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही, असं जुने-जाणते चालकसुद्धा सांगतात. खरा प्रकार उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, पुन्हा सरळ होते, पुन्हा दबते. त्या वाकण्याने टायर आतून तापतो. बाहेरची डांबरी सडक तापलेली, गाडीत माणसं खच्चून, वेग ऐंशी-नव्वदचा. मग आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फाटतो. शिवाय वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून पंपावर गेलं, तर गरम टायरमध्ये आकडा चढलेला दिसतो. तो जास्त वाटतो म्हणून हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये ती कमीच भरते. म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी उभी असताना. किती हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. गाडी भरलेली असेल तर आकडा वेगळा असतो, तोही तिथेच सापडतो. पंपावर हवा फुकट मिळते. नायट्रोजनला पैसे मोजायचे तर मोजा, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

आता टायरजवळ खाली बसा. नक्षीच्या खोल खाचेत बोट घाला. तळाशी मधूनमधून रबराचे छोटे आडवे उंचवटे लागतील. टायरच्या बाजूवर जिथे छोटा त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही अक्षरं आहेत, त्याच्या समोर ते असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की खाच 1.6 मिलिमीटर उरली. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 94 प्रमाणे मोटारीला त्याहून कमी चालत नाही. दुचाकी आणि रिक्षाला ही मर्यादा 0.8 आहे. माझ्या मते पावसाळ्याआधी या मर्यादेची वाटच पाहू नये. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकण्याचं काम याच खाचा करतात, आणि घाटात ब्रेक दाबल्यावर ते लक्षात येण्यात अर्थ नाही.

झीज कुठे आहे तेही पाहा. फक्त मध्ये घासला असेल तर हवा जास्त राहते, दोन्ही कडांना घासला असेल तर कमी. एकाच कडेला घासला, तर अलाइनमेंट बिघडलं आहे. बाजूला फुगा आला असेल तर मात्र पंक्चरवाल्याकडे ठिगळ मागू नका. आतले दोरे तुटलेले असतात, तो टायर उतरवायचाच.

आपल्याकडे जुन्या गाड्या विकत घेतल्या जातात आणि टायर काळेभोर, नक्षी खोल पाहून माणूस खूश होतो. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. अंगणात उभी राहिलेली गाडी फिरत नाही, पण रबराचं वय वाढतच राहतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असं टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात.

एवढं करूनही टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग कडेला घ्या.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत गाडीभोवती एक चक्कर मारा. आणि हो, स्टेपनीही काढून बघा. तिच्यात हवा आहे की नाही, हे बहुतेकांना घाटातच कळतं.