मातेचे ताट आणि बाळाचे वजन
(कोपरगाव येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेल्या या तालुक्यात कुपोषणाविषयी बोलणे काहींना अस्थानी वाटेल. ऊस, साखर कारखाने, कांदा आणि दूध यांनी येथे पैसा खेळता ठेवला आहे. कुपोषण म्हटले की मेळघाट, किंवा फार तर आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या संशोधनाचा आज मी परिचय करून देणार आहे, ते दुर्गम पाड्यांवर झालेले नाही. पुणे जिल्ह्यातील सहा साध्या शेतकरी गावांत ते झाले. तेथील घरे, तेथील भाकरी आणि सुनेने सर्वांच्या मागून जेवायला बसण्याची रीत आपल्याकडच्यासारखीच आहे.

या कार्याचे प्रवर्तक डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मूळचे मधुमेहतज्ज्ञ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांच्याकडे येणारे रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील रुग्णांहून वयाने लहान आणि अंगाने सडपातळ असत. असे का व्हावे? ब्रिटनमधील डेव्हिड बार्कर यांनी त्या सुमारास असे मांडले होते की, प्रौढपणी जडणाऱ्या हृदयविकाराचे व मधुमेहाचे मूळ गर्भावस्थेतील पोषणात असू शकते. हा विचार आपल्या मातीत पडताळून पाहण्यासाठी १९९३ साली ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीच करण्यात आली. कार्यकर्ते दरमहा घरी जाऊन पाळीची तारीख विचारून घेत, त्यामुळे गर्भ किती आठवड्यांचा आहे हे अंदाजावर राहिले नाही. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात मातेचा आहार व तिची कामे यांची तपशीलवार नोंद झाली. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा व पोटाचा घेर आणि कातडीखालील मेदाची जाडी मोजण्यात आली. बाळंतपणाची वेळ कोणाच्या हाती नसते, आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा आपला रिवाज आहे. हे काम किती जिकिरीचे असेल, हे अंगणवाडी सेविकांना निराळे सांगायला नको.

या मातांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास होते. दिवसाकाठी पोटात जाणारा आहार सुमारे १,८०० उष्मांकांचा आणि प्रथिने ४५ ग्रॅम. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ते ३.५ किलो होते. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. आपल्या बाळाचे पोट आणि दंड फार लहान होते, म्हणजे स्नायू व पोटातील अवयव यांची वाढ खुंटली होती. पाठीवरील कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. कृश दिसणारे हे बाळ आतून मेदाळ होते! २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि भारतीय माणसाला कमी वजन असतानाही मधुमेह का गाठतो, या कोड्याचा एक धागा जगाच्या हाती आला.

आता पंचायतीने विशेष ध्यान द्यावे असा भाग. मातेने एकूण किती उष्मांक वा प्रथिने घेतली, याच्याशी बाळाच्या आकाराचा म्हणण्यासारखा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो अठराव्या आठवड्यातील दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातील हिरव्या पालेभाज्या व फळे यांच्याशी. हे पदार्थ वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. दुसरीकडे, शेतातील मजुरी, विहिरीवरून पाणी आणणे, धुणे अशी कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान भरली. असे संबंध म्हणजे कार्यकारणभावाचा अंतिम पुरावा नव्हे, हे शास्त्रज्ञही सांगतात. तरीही हंड्याचा आणि बाळाच्या वजनाचा असा संबंध कागदावर दिसल्यावर, नळपाणी योजना ही मातृसंगोपनाचीही योजना आहे, असे मी तरी मानतो.

दुधाचे पाहा. पहाटे धार काढली की किटली दूध संकलन केंद्रावर जाते. पगारपत्रक भरते, कर्जाचा हप्ता फिटतो, ते योग्यच आहे. परंतु गोठा झाडणाऱ्या सुनेच्या वाट्याला चहापुरतेच दूध उरते. शिवाय पोटातले मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून तिला कमी खाऊ घालणारी घरे आजही आहेत. डोहाळजेवण आपण हौसेने सातव्या महिन्यात करतो. दुधाचा संबंध दिसला तो आठवडा पाचव्या महिन्यातला आहे. तेव्हा अनेक घरांत सुनेचे दिवस गेल्याची वाच्यताही पुरती झालेली नसते.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट जपून सांगावयाची आहे. सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात असा कोणीही घेऊ नये. रक्तक्षय टाळण्यासाठी त्या हव्यातच. बी-१२ मात्र पालेभाज्यांत नसते. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. ज्या घरात परवडत नाही किंवा चालत नाही म्हणून यातले काहीच शिजत नाही, तेथे दूध-दही हाच आधार उरतो.

पाहणीनंतर प्रयोग आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून हजारो स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. सर्वांचा मिळून हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक होते. वाढ लहान आहे, पण काळ कोणता ते पाहा. पुण्याच्या सहा गावांत तर जन्मापासून तपासलेली मुले मोठी झाल्यावर २०१२ साली त्या तरुण मुलामुलींनाच बी-१२ देण्यास सुरुवात झाली, म्हणजे त्यांची अपत्ये जन्मण्याआधीच.

आपल्या योजना बहुतांशी गर्भवतीची नोंद झाल्यावर सुरू होतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने मोठे काम केले आहे. महाराष्ट्राने २००५ साली राजमाता जिजाऊ पोषण मिशन स्थापून इतर राज्यांच्या आधी पाऊल टाकले. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती आरोग्याचे काम सोपवून दाखविले. इतके असूनही २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली.

शिक्षकांकडे माझे मागणे एवढेच की, आठवी ते दहावीच्या मुलींची उंची व वजन वर्षातून दोनदा नोंदवून आरोग्य केंद्राला कळवावे, आणि जी मुलगी शाळेत येईनाशी होते तिच्या घरी त्याच आठवड्यात जावे. पंचायत सदस्यांसाठी त्याहून सोपे काम आहे. आरोग्यसेविकेकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. गावात यंदा लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे तीत आहेत काय, त्यांचे वजन कोणी केले काय, आणि ४० किलोखाली किती जणी आहेत, हे पुढच्या मासिक सभेत विचारावे व उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे.