देवळाचा कारभार आणि आपल्या संघटना



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने सतरंजीवर बसून ऐकावे, ही आजवरची वहिवाट. चालकांनी ती यंदा मोडली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, जुनी पुस्तके आणि कोर्टाचे निकाल वाचता वाचता झाले. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

मी देवळावर बोलणार हे ऐकून आमचे काही सोबती हसले. युनियनवाल्याला देऊळ कशाला? मी त्यांना म्हटले, बाबांनो, आपली युनियन तीस वर्षे टिकली तर आपण छाती फुगवतो. पंढरपूरचे देऊळ कित्येक शतके चालले आहे. राज्ये आली आणि गेली, पण पहाटेची काकड आरती चालू राहिली. एवढा काळ जे चालते, त्यात शिकण्यासारखे काहीतरी असलेच पाहिजे. आणि जे बिघडले तेही शिकण्यासारखेच आहे.

प्रथम चांगले पाहू. विठ्ठलाच्या देवळात कामाची वाटणी अगदी चोख होती. व्यवस्था बडव्यांकडे, रुक्मिणीकडे उत्पात. त्याखेरीज सात सेवाधारी. पूजा करणारा पुजारी, मंत्र म्हणणारा बेणारी, पाणी देणारा परिचारक, कीर्तन करणारा हरिदास, आरसा दाखवणारा डिंगरे, दिवटी धरणारा दिवटे आणि दंड धरणारा डांगे. कामावरूनच माणसाचे नाव पडले. दिवटी कोणी धरायची यावर तिथे सभा भरवावी लागत नसे. आमच्याकडे पत्रक कोणी लिहायचे आणि पोलीसचौकीत कोणी जायचे, हे मोर्चाच्या सकाळीदेखील ठरलेले नसते!

मग बिघडले कुठे? काम होते, त्याचे वतन झाले तिथे. बाप गेला की मुलगा, मुलगा गेला की नातू. भावाभावांत शेतासारखी देवाच्या सेवेचीही वाटणी होऊ लागली. देवापुढे येणारे उत्पन्न गोळा करण्याचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने दिला जाऊ लागला. ज्याने बोलीचे पैसे भरले तो ते वसूल करणारच. त्याची नजर भाविकाच्या चेहऱ्याकडे राहत नाही, कनवटीकडे जाते. पंढरपुरात कोणी दुष्ट माणसे गोळा झाली होती असे मी म्हणत नाही. परचक्राच्या काळात मूर्ती हलवून तिचे रक्षण केल्याचा मान परंपरा बडव्यांनाच देते. पण पूर्वजांनी मूर्ती राखली म्हणून वंशजाने पेटी राखावी, हा हिशेब जुळत नाही. आम्ही पुढारीही असेच बोलतो. 'आम्ही लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला.' खाल्ल्या खऱ्या. पण त्यामुळे खुर्ची आपल्या नावावर चढत नाही.

पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले, असे परंपरा सांगते. म्हणजे कामावर मेलेला मजूर! त्याची समाधी दारात आणि त्याच्या जातीच्या माणसाला दाराच्या आत पाऊल टाकायची बंदी. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. दार उघडले. फार मोठी गोष्ट झाली.

पण दार उघडले म्हणून वही उघडत नाही. आत कोण जाणार हा एक प्रश्न, आणि आतले कोण ठरवणार, पैसा कोण मोजणार हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 1947 साली मिळाले. दुसऱ्यासाठी नाडकर्णी आयोग बसला, पुढे 1973 साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, आणि वंशपरंपरेचे हक्क रद्द करून कारभार समितीकडे देण्याचे ठरले. त्यावर दावे आणि अपिले चालली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला जानेवारी 2014 मध्ये. कायद्यापासून निकालापर्यंत एक्केचाळीस वर्षे! त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले. वतन झालेले काम पुन्हा काम व्हायला एवढा काळ लागतो. म्हणून ते वतन होण्यापूर्वीच जागे व्हावे, हा पहिला धडा.

तिरुपतीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1843 साली कंपनी सरकारने देवस्थानच्या कारभारातून अंग काढले आणि तो हाथीरामजी मठाच्या महंतांकडे दिला. पुढे 1933 साली मद्रास विधिमंडळाच्या कायद्याने समिती आली. तिथे हुंडीतला पैसा मोजण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. तिला परकामणी म्हणतात. मोजणारे बिनखिशाच्या धोतरावर बसतात. तरीही चोरीची प्रकरणे झालीच. पण खिसा नसण्यात मोजणाऱ्याचा अपमान आहे असे मला वाटत नाही. प्रामाणिक माणसालाही ते संरक्षणच आहे. उद्या कोणी बोट दाखवलेच, तर तो हात वर करून उभा राहू शकतो.

आता कोणी म्हणेल, समिती आली की झाले. तसे होत नाही. समिती वरून नेमलेली असेल, तर ती नेमणाऱ्याकडे पाहते. भाविक रांगेत उभाच राहतो. त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

याचे उत्तर मला देवळात सापडले नाही. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर सापडले. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. बाबा शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेले, लष्कर पाहिलेले गृहस्थ. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांची जागा ठरलेली आहे, प्रत्येक दिंडीत विणेकरी आहे. भिशी भरायची, पंगतीला बसायचे आणि चालायचे. संध्याकाळी मुक्कामावर समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ चालू असतात. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, तर ती टाळ थांबवत नाही. सारा समाज शांत आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतच आहेत! मग चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि ते टाळ थांबले की मग आरती.

मंडळी, मी आयुष्यभर तक्रारींचे अर्ज लिहिले. पण याहून चांगली व्यवस्था पाहिली नाही. तक्रार करणाऱ्याला अर्ज लागत नाही, वशिला लागत नाही. सर्वांदेखत टाळ वाजवायचा. आणि त्याचे ऐकल्यावाचून माउलींची आरतीसुद्धा पुढे जात नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाहीतर हे सारे कीर्तन दुसऱ्यासाठी होईल. आमची युनियन विडी कामगार बायांची. वर्गणीची वही अकरा वर्षे माझ्याच पिशवीत होती. एका सभेत मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, "अण्णा, आमची वही आम्हाला कधी दाखवता?" मला राग आला. मी तिला म्हटले, "माझ्यावर विश्वास नाही का?" ती गप्प बसली, सभा पुढे गेली, ठराव झाले, टाळ्या पडल्या. वहीत एका पैशाचीही खोट नव्हती. पण घरी येताना मला कळले की आज एक टाळ वाजत होता आणि मी आरती उरकून घेतली. वतनदार व्हायला सोवळे नेसावे लागत नाही. खांद्यावरची पिशवी पुरते.

पुढच्या सभेत त्या बाईची माफी मागून मी वही टेबलावर ठेवली. आता ती दोन बायांकडे असते. दर महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचली जाते. चिटणीसपद तीन वर्षांहून अधिक एका हाती राहू नये असाही ठराव झाला. तो मांडताना माझा आवाज थोडा कापला, हे कबूल करतो.

इथे बसलेल्यांत कोणी सोसायटीचे, कोणी पतपेढीचे, कोणी शाळेचे, कोणी गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते असतील. कामाची वाटणी देवळासारखी चोख करा. पण कामाला वतन होऊ देऊ नका. पैसा चारचौघांत मोजा. आणि पुढच्या सभेत मागच्या रांगेत एखादा टाळ वाजत राहिला, तर घंटा वाजवून त्याला बसवू नका. उठून त्याच्यापर्यंत चालत जा. आरती थोडी उशिरा झाली तरी चालेल.