अवघड जागेचे दुखणे



‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. ती ऐकून आपण हसतो. पण तसले दुखणे स्वतःला झाले, की हसू पळते. आज मी अशाच एका दुखण्याविषयी बोलणार आहे. लाजू नका.

हातावरची चामखीळ तुम्ही पाहिली आहे. तशीच चामखीळ कधी कधी पुरुषाच्या किंवा बाईच्या गुप्त भागावर, नाहीतर गुदद्वाराजवळ येते. आधी मोहरीएवढी दिसते. मग शेजारी दुसरी, तिसरी येते. वाढल्या की फुलकोबीसारखा गुच्छ होतो. बहुधा दुखत नाही, थोडी खाज येते. म्हणून माणूस ती दडवून ठेवतो.

माझा एक जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. एका रात्री त्याने माझे दार वाजवले. म्हणाला, “गुरुजी, कुणाला सांगू नका.” त्याला अशाच चामखिळी झाल्या होत्या. कुणाचे तरी ऐकून त्याने बिब्बा लावला. कातडी भाजली, जखम झाली, धड चालता येईना. त्याहून वाईट म्हणजे त्याने बायकोवर संशय घेतला. तिला कायमची माहेरी धाडायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, “हा एचपीव्ही नावाच्या विषाणूचा रोग आहे. कातडीला कातडी लागून, बहुतेक वेळा शरीरसंबंधातून होतो. विषाणू अंगात शिरल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे, कधी महिने, कधी वर्षेही लागतात. मग कुणाचा कुणाला लागला, हे कसे ठरवणार? तो लग्नाआधीचाही असेल. बायकोला माहेरी धाडू नकोस, इकडे घेऊन ये.”

गड्याने मान खाली घातली. बायकोला तपासले, तर तिलाही दोन चामखिळी निघाल्या. तीही बिचारी लाजून गप्प होती!

आता उपाय ऐका. डॉक्टर चामखिळीवर औषध लावतात, किंवा घरी लावायला मलम देतात. काही चामखिळी अतिशय थंड औषधाने गोठवतात, काही विजेच्या सुईने जाळतात. मोठी असली, तर जागा बधिर करून कापतात. एका खेपेत काम होत नाही, पुष्कळदा कित्येक आठवडे लागतात. औषधाने चामखीळ जाते, पण विषाणू काही काळ अंगात राहतो. म्हणून ती परत येऊ शकते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. आली तर घाबरू नका, पुन्हा दाखवा. बहुतेकांचे शरीर हळूहळू विषाणूला आवर घालते.

चार गोष्टी लक्षात ठेवा. बिब्बा, चुना, कुरूपाचे औषध तिथे लावू नका. बाई गरोदर असेल तर तिने आधीच सांगावे, कारण काही औषधे तिला चालत नाहीत. रक्त तपासून घ्या, कारण गरमीच्या रोगातही अशाच गाठी येतात. निरोध वापरा, त्याने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही.

ही चामखीळ म्हणजे कर्करोग नव्हे. ती बहुतेक वेळा विषाणूच्या ६ आणि ११ या जातींमुळे येते. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग मुख्यतः १६ आणि १८ या जातींमुळे होतो. तरी तिशीनंतर बायांनी ती तपासणी करून घ्यावी. या चारही जातींवर पुण्याच्या सीरम संस्थेने लस बनवली. तिला २०२२ साली परवानगी मिळाली. ती मुलामुलींना ९ ते १४ या वयात दिली, तर दोन डोस पुरतात. मात्र आलेली चामखीळ लशीने जात नाही.

पुष्कळ सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असते. तुम्हांला आता वाचता येते. ती पाटी वाचा आणि आत जा. तिथे तुमची गोष्ट गुप्त राहते.

माझा विद्यार्थी आणि त्याची बायको दोघे मिळून पाच खेपा गेले. आज त्यांचा संसार नीट चालला आहे. चामखिळीने तो मोडला नसता. संशयाने मात्र मोडला असता.