नाट्यशाळेची पायरी



नाटकाच्या पदवीची किंमत काय, या विषयावर बोलावयास जुन्या अकरावीचा एक मॅट्रिक शाळामास्तर पुढे यावा, याची कित्येकांना मौज वाटेल. ज्याने स्वतः पदवी घेतली नाही त्याने पदवीचे मोल ठरवू नये, असे कोणी म्हटले तर माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. परंतु सदतीस वर्षे दुसऱ्यांची मुले शिकविण्यात गेली, आणि त्या मुलांचे आईबाप पुढच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी माझ्याच पडवीत येऊन बसत. डी.एड., आय.टी.आय., नर्सिंग यांविषयी मी त्यांना बेधडक सांगत असे. नाटकाविषयी मात्र आजवर एकदाच कोणी विचारले. त्या प्रसंगी मी काय सांगितले आणि त्यात माझे काय चुकले, हे आज आपल्यापुढे मांडतो.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे कुडपणास गेली. पोलादपूर तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या अगदी अंगाखाली, प्रतापगडाच्या बाजूच्या डोंगरात आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यातले, आणि शेलारमामा तर आमच्या कुडपणचेच, असे तेथील माणसे अभिमानाने सांगतात. शेती नाचणी-वरीची, पाऊस असा की चार महिने पलीकडचा डोंगर दिसत नाही, आणि घरटी एखादा तरी माणूस मुंबईस चाकरीला. शिमग्याला व गणपतीला ही चाकरमानी मंडळी गावी आली म्हणजे जाखडी रंगते, शक्तीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र एकमेकांस सवाल घालतात, आणि जत्रेच्या दिवशी देवळापुढे फळ्या टाकून एखादे नाटकही होते. माझ्या एका विद्यार्थ्याने सातवीत असताना अशाच एका नाटकात प्रथम तोंडाला रंग लावला. पुढे तो वडिलांजवळ मुंबईस राहून कॉलेजात गेला, तेथे एकांकिकांत कामे करू लागला, आणि बी.ए.च्या अखेरच्या वर्षी त्याने घरी सांगितले की मला पुढे नाटकाचेच शिक्षण घ्यावयाचे आहे.

त्याचे वडील एका दुकानात मालाची चढउतार करीत. गणपतीत ते माझ्याकडे आले, पडवीच्या कडेला बसले, आणि बराच वेळ भातशेतीच्या गोष्टी बोलून मग म्हणाले, "गुरुजी, ह्या शिक्षनानं नोकरी लागंल का?"

मी म्हणालो, "नाही लागायची." ते गप्प बसले. मग मी म्हणालो, "पण त्याला एकदा चाचणी देऊन पाहू द्या. मी तयारी करून घेतो."

या दोन वाक्यांपैकी पहिले खरे होते. दुसऱ्यात माझी हौस अधिक होती.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आलेला नाही त्यांच्यासाठी ही चाचणी, म्हणजे मुले जिला ऑडिशन म्हणतात ती, काय असते हे सांगतो. नेमून दिलेल्या अगर स्वतः निवडलेल्या नाटकांतील एकदोन उतारे पाठ करून परीक्षकांपुढे करून दाखवावयाचे. एखादे गाणे म्हणावयाचे. आयत्या वेळी सांगितलेला प्रसंग उभा करावयाचा. आणि कोणती नाटके वाचली, कोणती पाहिली, या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर पहिली चाळणी निरनिराळ्या शहरांत होते, आणि तीतून उरलेल्यांना दिल्लीस बोलावून काही दिवस एकत्र काम करावयास लावतात. कोण चांगले बोलतो एवढेच तेथे पाहत नाहीत. दुसरा बोलत असताना कोण ऐकतो, हेही पाहतात.

आता माझी तयारी ऐका. उतारा मी निवडला, आणि निवडला तो कोणता? 'नटसम्राटा'तले स्वगत! शिरवाडकरांचे हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आले, तेव्हा आप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते. आणि मी ती माझ्या एकवीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात घातली. पुढे कळले की त्या दिवशी तेथे आणखी तीनचार आप्पासाहेब हजर होते. भाषणातला एकेक उच्चार मी घासूनपुसून घेतला. डॉक्टरांचा खर्ज त्याने मोबाईलवर ऐकून ऐकून उचलला होता, तोही मला फार आवडला. "शाब्बास," मी म्हणालो, "आता तू कुडपणचा वाटत नाहीस."

एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात ही चाचणी झाली. पाचसहा वाक्ये होतात न होतात तोच परीक्षकांनी हात वर करून त्याला थांबविले आणि म्हटले, "हा आवाज तुझा नाही. तुझ्या गावाकडचं एखादं माणूस आम्हांला करून दाखव." मुलगा क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या गावात तसं काही नाही, सर."

त्याला प्रवेश मिळाला नाही. गावी येऊन त्याने हे सर्व मला सांगितले तेव्हा, खेड्यातला म्हणून आपली थट्टा केली, अशीच त्याची समजूत होती. माझीही तीच झाली. मी रागारागाने पत्र लिहावयास बसलो आणि चार ओळी लिहून थांबलो. ज्या गावात रात्रभर सवाल-जबाब चालतात, ज्या मुलाची आजी तिन्हीसांजेला कड्यावर उभी राहून पलीकडच्या माळावरच्या गुरांना नावानिशी हाका मारते, तो मुलगा "आमच्या गावात काही नाही" असे म्हणतो, हे त्याला शिकविले कोणी? पहिलीपासून सातवीपर्यंत "पानी नव्हे, पाणी, कोन नव्हे, कोण" म्हणून त्याला वर्गात उभे करणारा मीच होतो. उच्चार शिकविल्याचा मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही. ज्याला 'ण' म्हणता येत नाही त्याच्या हाती शाकुंतल कोण देईल? परंतु 'ण' शिकविताना आजीच्या बोलीवर वर्गाला हसू दिले, ते माझे चुकले. पत्र मी फाडून टाकले.

तेव्हापासून नाट्यशिक्षणाविषयी थोडेफार वाचू लागलो, आणि माझा एक जुना ग्रह दूर झाला. नट जन्मावा लागतो, नाटकाची शाळा हे विलायती खूळ आहे, असे मी समजत असे. वस्तुतः आपल्याकडे ही शाळा फार जुनी आहे; तिला शाळा हे नाव नव्हते एवढेच. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले आणि 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले. त्यानंतर नाटक मंडळी ही मुलांना जेवूखाऊ घालून शिकविणारी शाळाच झाली. तिच्यात तालीममास्तर असे. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे असेच नामांकित तालीममास्तर. आणि ते मॅट्रिक होऊन काही काळ बेळगावास शाळामास्तर होते, हे सांगताना मला जो आनंद होतो तो श्रोत्यांनी क्षम्य मानावा. बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले ते सतरा वर्षांचे होते. पुढे बोलपट आले, मंडळ्या एकामागून एक बसल्या, आणि ही बिनपदवीची शाळा बंद पडली. तिची जागा काही अंशी हौशी रंगभूमीने भरून काढली. राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासून, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून. परंतु स्पर्धेत परीक्षा होते, शिकविणे होतेच असे नाही.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 सालचे. पुण्यात जन्मलेले आणि लंडनच्या नाट्यशाळेत शिकलेले इब्राहिम अल्काझी 1962 पासून पंधरा वर्षे त्याचे संचालक होते. पुण्याच्याच रोहिणी हट्टंगडी तेथे शिकून 1974 साली बाहेर पडल्या, आणि 1982 च्या 'गांधी' चित्रपटातल्या त्यांच्या कस्तुरबा सर्व जगाने पाहिल्या. मौज अशी की ज्या शिक्षणाला देशात सर्वांत मान, त्याची मिळते ती पदवी नव्हे, तीन वर्षांची पदविका. आणि तेथे जावयास कोणत्या तरी विषयाची पदवी आधीच हातात लागते. पदवीच हवी असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, ते 1987 साली निघाले आणि सतीश आळेकरांनी बरीच वर्षे सांभाळले. मुंबई विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यविभाग आहेत.

यावर पालक लगेच दुसरी यादी पुढे करतात. डॉ. लागू कानानाकाघशाचे शल्यवैद्य होते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. नाना पाटेकर तर आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचे, आणि शिकले ते मुंबईस उपयोजित कला. यांपैकी कोणी नाटकाची पदवी घेतली होती? कोणीच नाही, हे खरे. पण थोडे खोल पाहावे. लागूंना पुण्यात भालबा केळकरांसारखे सोबती आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनसारखी संस्था मिळाली. फुल्यांना राष्ट्र सेवा दलाचे कलापथक मिळाले. तालीम त्यांनाही होती, आणि ती पायी चालत जाण्याच्या अंतरावर होती. शिवाय लागूंनी वैद्यकी सोडली ती 1969 साली, चाळिशी उलटल्यावर. तोवर भाकरीची चिंता नाटकावर टाकली नव्हती.

मला दिसते ते असे. पुण्यात सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलाने नाट्यशाळेत न जाता कॉलेजच्या चमूतून, संस्थांतून, दहा दिग्दर्शकांच्या हाताखालून शिकावे; त्याचे फारसे अडणार नाही. कुडपणच्या, किनवटच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाला हा शेजार नाही. त्याला कोणी रोज पाहणारा, चुकू देणारा आणि चुकले ते सांगणारा हवा असेल, तर त्या दोनतीन वर्षांखेरीज तो कोठे भेटणार? कागदाची किंमत दोघांना सारखीच, म्हणजे बेताची. शाळेची किंमत दुसऱ्याला किती तरी अधिक. आणि पंचाईत अशी की ज्याला ती अधिक, त्याच्याच घरी पैसा कमी.

म्हणून पैशाविषयी आडपडदा न ठेवता बोलावे. दिल्लीच्या विद्यालयात विद्यावेतन मिळते, पण तेथे दरवर्षी घेतात ते साऱ्या देशातून सुमारे तीस. विद्यापीठांचे शुल्क खासगी संस्थांच्या मानाने हलके. मात्र पुण्यामुंबईची खोली आणि खानावळ हलकी नाही. शिकून बाहेर पडल्यावर पगार नसतो. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक 'नाइट' मिळते, मालिकेत दिवसागणिक मिळते, आणि दोहोंच्या मध्ये महिनेच्या महिने काही मिळत नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, शाळांतून मुलांची नाटके बसविणे, दुसऱ्या भाषेतील चित्रपटांना आवाज देणे, यांवर पुष्कळांचा चरितार्थ चालतो. तेव्हा संस्था निवडताना तेथून कोणता नट प्रसिद्ध झाला हे विचारू नये. पूर्णवेळ शिक्षक किती, प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाकाठी किती नाटकांत उभे राहावयास मिळते, आणि दिवे लावणे, पडदा बांधणे हेही शिकवितात की नाही, हे विचारावे. मोठे शुल्क घेऊन मालिकेत काम देण्याची हमी देणारा भेटला तर उठून यावे.

माझ्या विद्यार्थ्याने एक वर्ष मुंबईस एका छापखान्यात काम केले आणि पुन्हा त्याच विभागात चाचणी दिली. या खेपेस मी काही शिकविले नाही. संपूर्ण नाटक वाच आणि तुझ्या वयाचे पात्र घे, एवढेच म्हणालो. परीक्षकांनी याही वेळी त्याला मध्येच थांबविले. परीक्षक थांबवितात ते बहुधा नापास करण्यासाठी नव्हे, सांगितलेले घेता येते की नाही हे पाहण्यासाठी, हे एव्हाना त्याला कळले होते. काय केले असे मी विचारले, तर म्हणाला, "आजी केली, गुरुजी. गुरं परत येत नाहीत, आणि पावसाचं आभाळ आलंय."

तो दोन वर्षे शिकला. आता मुंबईस आठवड्यातून तीन दिवस दोन शाळांत मुलांना नाटक शिकवितो, रात्री दुसऱ्यांच्या नाटकांना प्रकाश देतो, आणि वर्षात एखादे लहान काम करतो. त्याच्या बरोबरीचे दोघे घरी परतले. एकाने दुकान टाकले, आणि त्याला त्याचे दुःख नाही असे तो सांगतो. वडिलांना मी परवा विचारले, "समाधान आहे ना?" ते म्हणाले, "महिन्याचं पैसं काय ठरल्यालं न्हाईत. पर पोरगा आता घरात बोलतो."

या गणपतीत ते पुन्हा माझ्या पडवीत येऊन बसले होते. धाकटी मुलगी दहावीत आहे, आणि तिनेही तोच हट्ट धरला आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो की तिला आधी बारावी होऊ द्या, तोपर्यंत जत्रेच्या नाटकात तिला काम द्या, आणि या खेपेस उतारा निवडण्यासाठी माझ्याकडे पाठवू नका. त्यांनी जत्रेच्या नाटकाचे गावकीत बोलून पाहतो असे सांगितले आहे. मुलीने देवळापुढच्या फळ्यांवर उभे राहणे अजून काही वडीलधाऱ्यांना रुचत नाही, आणि त्यांतले दोघे माझेच जुने विद्यार्थी आहेत. त्यांच्याकडे मला आता जावयाचे आहे.